राउटरमधलं ‘कार्ड गेलं’ असं म्हणण्याआधी: नवख्या नेटवर्क इंजिनिअरसाठी तपासणीचा क्रम

रात्री पावणेअकराला साइटवरून फोन येतो. "सर, राउटरचं कार्ड गेलंय. स्पेअर पाठवा." मी विचारतो, लॉगमध्ये काय दिसतंय? पलीकडे जरा शांतता, मग उत्तर, "लॉग नाहीत सर. मी आधी राउटर बंद-चालू करून बघितला."

ज्यांच्या हातात रॅकची किल्ली नुकतीच आली आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं सांगणं एकच आहे. कार्ड म्हणजे राउटरच्या स्लॉटमध्ये बसवायचं मॉड्यूल. त्याला हात लावण्याआधी राउटर स्वतः जे सांगतोय ते उतरवून घ्या. बहुतेक राउटरमध्ये लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, मेमरीतल्या बफरमध्ये असतात. वीज गेली की ते पुसले जातात आणि बिघाडाच्या क्षणी काय घडलं ते सांगणारं दुसरं काही उरत नाही.

उदाहरणासाठी सिस्कोच्या आयएसआर ४००० मालिकेतला ४३३१ हा राउटर घेतो, कारण बँकांच्या शाखा, कारखाने आणि कॉलेजांमध्ये या वर्गातले राउटर पुष्कळ दिसतात. त्यात ‘निम’ म्हणजे नेटवर्क इंटरफेस मॉड्यूलसाठी दोन स्लॉट असतात आणि मोठ्या सर्व्हिस मॉड्यूलसाठी एक. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी पत्ता नीट वाचा

‘गिगाबिटइथरनेट ०/१/०’ हे नाव म्हणजे पत्ता आहे. पहिला आकडा स्लॉट, दुसरा सबस्लॉट, तिसरा पोर्ट. ४३३१ वर ०/०/० ते ०/०/२ हे राउटरच्या अंगचे पोर्ट. सबस्लॉट १ म्हणजे पहिलं निम, २ म्हणजे दुसरं. हे क्षुल्लक वाटेल, पण घाईत ०/२ च्या तक्रारीवर ०/१ मधलं चालू कार्ड उपसलेलं मी पाहिलं आहे आणि त्या दुपारी चांगली चालू असलेली लाइनही बंद पडली. पत्ता कागदावर लिहा, रॅकसमोर उभं राहून त्या स्लॉटवर छापलेल्या आकड्याशी जुळवा, मगच पुढे जा.

पुरावा गोळा करणं

लॅपटॉप राउटरच्या कन्सोलला, म्हणजे थेट कमांड देण्याच्या पोर्टला, जोडा. निळी चपटी कन्सोल केबल असेल तर ती, नाहीतर या राउटरला मिनी यूएसबीचा कन्सोल पोर्टही असतो. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सेशन उघडण्याआधी लॉगिंगच्या पानावर जाऊन ‘ऑल सेशन आउटपुट’ निवडा आणि फाइलला तारखेसकट नाव द्या. पुढचं सगळं त्या फाइलमध्ये आपोआप उतरत राहील. स्क्रीनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत बसू नका, त्यातून कोणालाही काही शोधता येत नाही.

मग ‘टर्मिनल लेंग्थ ०’ द्या, म्हणजे दर पानाला स्पेसबार दाबावा लागणार नाही. त्यानंतर या क्रमाने: ‘शो क्लॉक’, ‘शो व्हर्जन’, ‘शो प्लॅटफॉर्म’, ‘शो इन्व्हेंटरी’, ‘शो एन्व्हायर्नमेंट ऑल’, ‘शो लॉगिंग’, आणि शेवटी ‘शो टेक-सपोर्ट’. शेवटच्या कमांडला वेळ लागतो आणि फाइल मोठी होते, पण व्हेंडरकडे केस, म्हणजे तक्रार, उघडली की पहिली मागणी तिचीच असते. चालू कॉन्फिगरेशनची प्रतही राउटरच्या बाहेर, तुमच्या लॅपटॉपवर घ्या.

‘शो क्लॉक’ कशाला, असं वाटेल. राउटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर लॉगमधली वेळ आणि ‘सव्वादहाला लाइन गेली’ हे साइटवरच्या माणसाचं म्हणणं यांची सांगड बसत नाही. घड्याळ किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा.

लॉगची ओळ कशी वाचायची

सिस्कोच्या लॉगमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे विभागाचं नाव, मग एक आकडा, मग संदेशाचं नाव असतं. तो मधला आकडा गांभीर्य सांगतो. ० ते ७ अशी पट्टी आहे आणि आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. ६ म्हणजे नुसती माहिती, ३ म्हणजे चूक, ० म्हणजे यंत्रणाच वापरण्याजोगी राहिलेली नाही.

‘ओआयआर’ हे अक्षरगट असलेल्या ओळी आधी शोधा. राउटर चालू असताना कार्ड काढणं-घालणं याच्याशी त्यांचा संबंध असतो. कार्ड काढल्याची ‘रिमकार्ड’ ही नोंद असेल आणि त्या वेळी साइटवर कोणीही नव्हतं असं सगळे शपथेवर सांगत असतील, तर कार्ड ढिलं बसलं असावं किंवा त्याचा विजेचा संपर्क तुटत असावा. कार्ड दर काही मिनिटांनी ऑफलाइन होऊन परत ऑनलाइन येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोन नोंदींमधलं अंतर मोजा. अंतर ठरावीक असेल तर सॉफ्टवेअर कार्ड सुरू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय. अनियमित असेल तर वीज, उष्णता आणि संपर्क यांच्याकडे वळा.

कधी मेमरीच्या पॅरिटी एररची एकच ओळ दिसते आणि मॉड्यूल स्वतःहून रीस्टार्ट झालेलं असतं. घाबरू नका. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे निर्माण होणारे कण मेमरीतला एखादा बिट उलटा करू शकतात. चिप तेवढ्याने खराब होत नाही. एकदा झालं तर तारीख नोंदवा आणि लक्ष ठेवा. त्याच मॉड्यूलवर पुन्हा झालं तर बदलायची तयारी करा.

‘शो प्लॅटफॉर्म’ काय सांगतो

यात प्रत्येक स्लॉटसमोर कार्डाचा प्रकार आणि स्थिती येते. ‘ओके’ असेल तर मॉड्यूल जिवंत आहे आणि तुमचा शोध पोर्ट, एसएफपी (फायबर जोडण्यासाठी पोर्टमध्ये बसणारा छोटा भाग), केबल किंवा पलीकडच्या उपकरणाकडे न्यायला हवा. ‘आउट ऑफ सर्व्हिस’ किंवा ‘फेल’ असेल तर संशय मॉड्यूलवर. स्लॉट यादीत दिसतच नसेल, तर राउटरला तिथे काही बसवलंय याचा पत्ताच नाही. बहुतेकदा कार्ड अर्धवट बसलेलं असतं.

इथे तीन गोष्टी हमखास फसवतात. एक, कार्ड नवं आणि राउटरचं सॉफ्टवेअर जुनं, त्यामुळे राउटर ते ओळखत नाही. हार्डवेअर ठणठणीत असतं, पण ‘आलेलं स्पेअरही डेड’ असा शेरा मारून परत जातं. कोणत्या आवृत्तीपासून ते कार्ड चालतं ते डेटाशीटमध्ये पाहा आणि ‘शो व्हर्जन’शी ताडा. दोन, आधीच्या कोणीतरी तो स्लॉट मुद्दाम बंद करून ठेवलेला असतो. ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये ‘एचडब्ल्यू-मॉड्यूल’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आहे का बघा. तीन, पोर्ट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असतो, म्हणजे त्यावर शटडाउन दिलेलं असतं. नवं मॉड्यूल बसवल्यावर ‘नो शटडाउन’ द्यायचं राहून गेलं, एवढ्यासाठी पुण्याहून सोलापूरला गाडी गेलेली मला माहीत आहे.

मॉड्यूल आणि एसएफपी यांत गल्लत नको

फायबरची लाइन पडली की ‘मॉड्यूल गेलं’ म्हणतात, आणि तो शब्द कार्डासाठीही वापरतात, बोटाएवढ्या एसएफपीसाठीही. एसएफपी स्वस्त, बदलायला सोपा आणि बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी तो तपासा.

‘शो एचडब्ल्यू-मॉड्यूल सबस्लॉट ०/१ ट्रान्ससीव्हर ० स्टेटस’ दिलं की प्रकाश किती जातोय आणि किती येतोय ते डीबीएम या शक्तीच्या एककात दिसतं. एक गिगाबिटच्या एलएक्स प्रकारच्या एसएफपीला येणारा प्रकाश साधारण उणे ३ ते उणे १९ डीबीएमच्या मधे हवा. दहा गिगाबिटच्या एलआर प्रकाराला अधिक ०.५ ते उणे १४.४. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, हे लक्षात ठेवलं की आकडे बोलायला लागतात. उणे ४० च्या आसपास आकडा आला तर प्रकाश येतच नाहीये: केबल तुटलेली, टीएक्स-आरएक्सची (पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या टोकांची) अदलाबदल, किंवा पलीकडचा एसएफपी बंद.

मागच्या वर्षी एका ठिकाणी आकडा उणे २३ होता. कार्ड बदलून झालं होतं, एसएफपी बदलून झाला होता. रॅकचं मागचं दार उघडलं आणि तेवढ्यात लिंक वर आली. दार लावलं, गेली. पिवळी पॅच कॉर्ड दाराच्या बिजागरीपाशी इतकी मुडपली होती की वळण बोटाच्या पेरापेक्षा लहान झालं होतं. ती मोकळी करून मोठ्या वळणाने नेली आणि आकडा उणे ८ वर आला. त्या एका वळणापायी दोन चांगली पार्टं ‘खराब’ म्हणून कपाटात पडली होती.

फायबरच्या टोकात किंवा एसएफपीच्या तोंडात डोळा लावून प्रकाश दिसतोय का बघायचं नाही. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. पॉवर मीटर वापरा. आणि टोक पुसल्याशिवाय परत खुपसू नका. बोटाचा एक ठसासुद्धा त्या बारीक गाभ्याला झाकायला पुरतो.

वीज, हवा, ओल

‘शो एन्व्हायर्नमेंट ऑल’मध्ये तापमान, पंखे आणि पॉवर सप्लायची स्थिती येते. आयएसआर ४००० साठी आसपासचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असावं, असं निर्मात्याने सांगितलं आहे. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या पुढे पारा जातो, आणि रात्री ऑफिस बंद करताना एसी बंद करून जायची पद्धत असेल तर बंद खोलीतल्या रॅकचं काय होत असेल ते सांगायला नको. दोष फक्त दुपारी किंवा फक्त सोमवारी सकाळी येतो का, हे विचारा. रिकाम्या स्लॉटवरच्या झाकणपट्ट्या जागेवर आहेत का तेही बघा. त्या शोभेसाठी नसतात. त्या नसल्या की पंख्यांची हवा मधूनच निसटते आणि भरलेल्या कार्डांपर्यंत पोचत नाही.

अर्थिंगबद्दल मी कोणालाही सूट देत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर ते काम इलेक्ट्रिशियनचं, पण मोजायला लावणं हे तुमचं काम. वारंवार कार्डं जाणाऱ्या साइटवर मी पहिल्यांदा हाच आकडा मागतो. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर वीज गेल्या-आल्यावर राउटर अर्धवट झटके खात उठतो, आणि अशा झटक्यांनंतर कार्ड हँग झालेलं दिसणं साहजिक आहे. किनारपट्टीवर, अलिबागपासून मालवण-पणजीपर्यंत, खाऱ्या दमट हवेने कॉन्टॅक्टवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यानंतर तिथे एकदा उघडून बघणं चांगलं.

आता मॉड्यूल रीस्टार्ट, पण सांभाळून

इथपर्यंत सगळं उतरवून झालं असेल तर अख्खा राउटर न पाडता फक्त ते कार्ड उठवून बघता येतं: ‘एचडब्ल्यू-मॉड्यूल सबस्लॉट ०/१ रीलोड’. तुम्ही दुरून जोडलेले असाल आणि तुमचं कनेक्शन त्याच कार्डावरून येत असेल, तर एंटर दाबताच तुम्ही बाहेर फेकले जाल. दुसरी वाट किंवा साइटवर माणूस असल्याशिवाय हे करू नका. बँकेसारख्या ठिकाणी चेंजची परवानगीही आधी हवी.

अख्खा राउटर बंद-चालू करणं मी शेवटच्या पायरीवर ठेवतो, आणि त्याला एक ठोस कारण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोने जाहीर केलं की एका पुरवठादाराकडून आलेला क्लॉक सिग्नलचा घटक साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो. बाधित मालाच्या यादीत आयएसआर ४३३१ सुद्धा होता. तो घटक गेला की यंत्र परत सुरूच होत नाही. जुना राउटर बंद करताना तो पुन्हा उठेल हे गृहीत धरू नका. आपल्या मॉडेलसाठी निर्मात्याने अशा सूचना, ज्यांना ‘फील्ड नोटिस’ म्हणतात, काढल्या आहेत का हे आधी बघा. केस उघडण्याआधीच उत्तर हाती लागू शकतं.

कार्ड काढणं

हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि त्याचा चिमटा रॅकच्या रंग नसलेल्या धातूला लावा. माणसाला स्थितिक विजेचा झटका जाणवायलाच सुमारे ३००० व्होल्ट लागतात. चिपला त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत कार्ड जखमी झालेलं असतं. फेब्रुवारीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, त्या दिवसांत तर पट्ट्याशिवाय हात घालूच नका.

आयएसआर ४००० मध्ये निम चालू राउटरमधून काढता येतं, पण आधी ‘एचडब्ल्यू-मॉड्यूल सबस्लॉट ०/१ स्टॉप’ द्या आणि कार्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबा. सिस्कोच्या जुन्या १९४१ किंवा २९०१ राउटरमधली ईएचविक प्रकारची कार्डं मात्र चालू राउटरमधून काढायची नसतात. तिथे वीज बंदच करावी लागते. हा फरक न कळल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

स्क्रू दोन्ही बाजूंचे थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. कार्ड सरळ ओढा, एका कोपऱ्याने तिरकं नको. बाहेर आल्यावर कनेक्टर बघा: धूळ, काळपट डाग, जळका वास, फुगलेले कपॅसिटर. पेन्सिलच्या खोडरबराने कॉन्टॅक्ट घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती इथे नको. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो निघतो, आणि रबराचे कण आत अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे.

आणि परत घालण्याआधी टॉर्च घेऊन रिकाम्या स्लॉटच्या आत बघा. हे मी मोठ्या किमतीत शिकलो. कोकणातल्या एका साइटवर मोठा चॅसिस राउटर, म्हणजे अनेक कार्डं बसणारी पेटी, होता. एक कार्ड उठेना. स्पेअर आणून त्याच स्लॉटमध्ये घातलं, तेही उठेना. मग ते स्पेअर शेजारच्या चांगल्या स्लॉटमध्ये घालून बघितलं, आणि तो स्लॉटही गेला. टॉर्च तिरका धरल्यावर कळलं. पहिल्या स्लॉटच्या आत एक पिन वाकून शेजारणीला टेकली होती, तांदळाच्या कणीएवढी. तिने स्पेअरचा कनेक्टर फाडला आणि फाटलेल्या कनेक्टरने दुसऱ्या स्लॉटच्या पिना वाकवल्या. कार्डं दोन, स्लॉट दोन, आणि शेवटी चॅसिसच बदलावा लागला. दोन मिनिटं टॉर्च लावला असता तर फक्त पहिल्या स्लॉटचा प्रश्न राहिला असता.

सगळं स्वच्छ असेल तर कार्ड खाचांमध्ये नीट बसवून शेवटपर्यंत दाबा, स्क्रू घट्ट करा. अनेक ‘मेलेली’ कार्डं इथेच जिवंत होतात.

दोष कुठे आहे ते ठरवणं

तरीही उठत नसेल तर अदलाबदल. ०/१ मधलं कार्ड ०/२ मध्ये घाला. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड वाईट. दोष ०/१ मध्येच राहिला, म्हणजे तिथे घातलेलं दुसरं चांगलं कार्डही उठलं नाही, तर स्लॉट किंवा मदरबोर्ड वाईट. एकावेळी एकच गोष्ट बदला. कार्ड, एसएफपी आणि केबल तिन्ही एकदम बदलून लिंक आली, तर कशामुळे आली ते तुम्हाला कधीच कळणार नाही. स्लॉट बदलल्यावर पोर्टचं नावही बदलतं, ०/१/० चा ०/२/० होतो, त्यामुळे जुनं कॉन्फिगरेशन त्याला आपोआप लागत नाही. ‘इथेही चालत नाही’ म्हणण्याआधी ते द्या.

ज्युनिपरच्या राउटरवर विचार तोच, शब्द वेगळे (तिथे कार्डाला एफपीसी म्हणतात): ‘शो चॅसिस अलार्म्स’, ‘शो चॅसिस हार्डवेअर’, ‘शो चॅसिस एफपीसी’, आणि कार्ड काढण्याआधी ‘रिक्वेस्ट चॅसिस एफपीसी स्लॉट १ ऑफलाइन’.

केस आणि बदली

व्हेंडरला ‘कार्ड खराब, बदलून द्या’ एवढंच लिहिलं की दोन दिवस प्रश्नोत्तरात जातात. पहिल्याच मेलमध्ये हे द्या: मॉडेल आणि सीरियल नंबर, दोष सुरू झाल्याची वेळ, ‘शो टेक-सपोर्ट’ची फाइल, कोणत्या स्लॉटमध्ये काय घालून काय दिसलं, आणि पिना तपासल्याचा उल्लेख. सीरियल नंबर ‘शो इन्व्हेंटरी’तून घ्या, कार्ड ओळखलंच जात नसेल तर स्टिकरवरून. सिस्कोच्या अकरा अक्षरी सीरियलमध्ये पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढचे दोन आकडे वर्षाचे आणि त्यापुढचे दोन आठवड्याचे असतात. वर्षाच्या आकड्यात १९९६ मिळवा. २१ असेल तर २०१७. कार्डाचं वय लगेच कळतं.

खराब कार्ड परत पाठवताना त्यातले तुमचे एसएफपी काढून ठेवा. ते बरोबर गेले तर सहसा परत येत नाहीत. नव्या कार्डाच्या अँटिस्टॅटिक पिशवीत आणि खोक्यातच जुनं घाला.

नवं कार्ड बसल्यावर ‘शो प्लॅटफॉर्म’मध्ये ओके दिसलं म्हणून लगेच निघू नका. ‘क्लिअर काउंटर्स’ द्या, चहा घेऊन या, आणि ‘शो इंटरफेसेस’मध्ये सीआरसी (डेटा बिघडून आल्याची मोजणी) आणि इनपुट एरर शून्यावर आहेत का बघा. दुसऱ्या दिवशी लोड सर्वांत जास्त असतो तेव्हा पुन्हा बघा. कॉन्फिगरेशन सेव्ह करा, साइटच्या नोंदवहीत जुना आणि नवा सीरियल नंबर लिहा, आणि लॉग बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर जात नसतील तर त्याच दिवशी ती सोय करून मगच रॅकला कुलूप लावा.